जपानमध्ये खरेदी: घासाघीस विसरा, लेबल वाचा

जपानच्या दुकानात भाव करत नाहीत, आणि ही काही आजची पद्धत नाही. १६७३ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, मित्सुई ताकातोशी यांच्या एचिगोया या कापडाच्या दुकानाने ‘रोख पैसे, एकच भाव’ असा व्यवहार सुरू केला. तोवर व्यापारी गिऱ्हाईक पाहून भाव सांगत आणि उधारी वर्षातून एकदोनदा वसूल करत. त्याच एचिगोयाचं पुढे मित्सुकोशी झालं, आणि त्याचं मुख्य डिपार्टमेंट स्टोअर निहोनबाशीत आजही आहे.

त्यामुळे तुळशीबागेत कमावलेलं कौशल्य इथे फारसं कामाचं नाही. देवळांच्या आवारातले जुन्या वस्तूंचे बाजार तेवढे अपवाद. तिथे दोन-तीन वस्तू एकदम घेताना हसून ‘थोडं कमी होईल का?’ विचारलेलं चालतं. बाकी सगळीकडे पैसे वाचतात किंवा वाया जातात ते लेबलावर. सुरी कोणत्या पोलादाची, वाडग्यावर खरं रोगण की प्लॅस्टिकचा रंग, किटली विस्तवावर चालते की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. विक्रेता खोटं बोलत नाही, पण तुम्ही विचारलं नाहीत तर आपणहून सांगेलच असंही नाही. लेबल जपानीत असतं, म्हणून फोनमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप टाकून घ्या आणि जपानी भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा. तळघरातल्या दुकानात नेटवर्क नेमकं हवं तेव्हा दगा देतं.

पैशांची तयारी

भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये दुकानातले व्यवहार आणि एटीएम असे दोन्ही पर्याय वेगवेगळे चालू करावे लागतात. एकच चालू केला की गल्ल्यावर कार्ड चालतं आणि एटीएमवर अडतं. कार्डाच्या यंत्राने ‘येन की रुपये?’ असं विचारलं तर येनच निवडा. रुपये निवडल्यास यंत्राच्या मागची कंपनी स्वतःचा दर लावते आणि तो बहुधा महागच असतो.

रोख पैसे सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या आणि टपाल कचेऱ्यांतल्या एटीएममधून निघतात. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कार्ड चालतं, पण कारागिराचं छोटं दुकान, देवळाचा बाजार आणि गावाकडचा कुंभार इथे रोख लागते. दहा हजारांची नोट पुढे केली तरी साध्या दुकानातही सुट्टे मिळतात. नाण्यांमध्ये फक्त ५ येनच्या नाण्यावर आपल्या ओळखीचा आकडा नसतो, नुसती जपानी अक्षरं असतात. पिवळसर, मधोमध भोक असलेलं नाणं दिसलं की ते ५ येनचं. ५० च्या नाण्यालाही भोक असतं, पण ते रुपेरी असतं.

सुइका, पास्मो, इकोका ही रेल्वेची कार्डं कन्व्हीनियन्स स्टोअर, व्हेंडिंग मशिन आणि लॉकरलाही चालतात. त्यांत जास्तीत जास्त २०,००० येन भरता येतात. आयफोनमध्ये सुइका थेट घेता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर मात्र ते सहसा चालत नाही, कारण त्यासाठी लागणारी जपानी व्यवस्था त्या फोनमध्ये दिलेली नसते. अँड्रॉइडवाल्यांनी वेळ न घालवता प्लॅस्टिकचं कार्ड घ्यावं.

गल्ल्यावर एक छोटा ट्रे असतो. पैसे हातात न देता त्यात ठेवा. बक्षिसी देऊ नका, ती परत केली जाते. जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, तेव्हा कापडी पिशवी बरोबर असू द्या.

किमतीची चिठ्ठी आणि कर

चिठ्ठीवर पुष्कळदा दोन आकडे असतात. मोठ्या ठशातला बहुधा कर वगळून (झेईनुकी), त्याखालचा बारीक आकडा कर धरून (झेईकोमी). तुम्ही देणार तो बारीक आकडा. कर सर्वसाधारण वस्तूंवर १० टक्के, खाद्यपदार्थ आणि मद्य सोडून इतर पेयांवर ८ टक्के. तोच खाद्यपदार्थ दुकानातल्या टेबलावर बसून खाल्ला तर पुन्हा १० टक्के. म्हणून गल्ल्यावरची मुलगी ‘इथे खाणार का?’ असं विचारते.

सवलतीच्या चिठ्ठीत नवखे हमखास फसतात. आकडा २ आणि पुढे जपानी अक्षरं असतील (उच्चार ‘नि-वारीबिकी’) तर सूट २ टक्के नसून २० टक्के असते. ३ म्हणजे ३०. ‘हानगाकु’ म्हणजे अर्धी किंमत.

पर्यटकांना करमाफी मिळते. पासपोर्टवर ‘तात्पुरता पाहुणा’ असा प्रवेशाचा दाखला हवा, आणि एका दुकानात एका दिवसात कर वगळून किमान ५,००० येनची खरेदी हवी. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर जपानमध्ये राहणाऱ्याला ती मिळत नाही. टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मुलाकडे पुण्याहून आईवडील आले की हा गोंधळ ठरलेला. पासपोर्ट बाबांचा, कार्ड मुलाचं, आणि दुकान करमाफी नाकारतं. वस्तू घेणारा आणि पैसे देणारा एकच असावा, कार्डावरचं नाव पासपोर्टशी जुळावं अशी अपेक्षा असते. बाबांनी रोख पैसे दिले की प्रश्न मिटतो.

सध्याची पद्धत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्या पायऱ्या अशा:

१. दारावर करमुक्त दुकानाची खूण पाहा किंवा ‘मेनझेई देकिमासु का?’ (करमाफी मिळेल का?) असं विचारा. साखळी दुकानातही प्रत्येक शाखेत ती सोय असेल असं नाही.

२. मूळ पासपोर्ट द्या. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. विमानतळावर प्रवेशाचा दाखला पासपोर्टवर लागला आहे ना, हे तिथेच पाहून घ्या.

३. छोट्या दुकानात कर तिथल्या तिथे वगळला जातो. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये आधी पूर्ण पैसे द्यायचे, मग त्याच दिवशी सगळ्या पावत्या, वस्तू आणि पासपोर्ट घेऊन करमाफीच्या काउंटरवर जायचं. वेगवेगळ्या मजल्यांवरच्या पावत्यांची बेरीज बहुधा धरली जाते. दुसऱ्या दिवशी गेलात तर काही मिळत नाही. काही स्टोअर्स यातून सेवाशुल्क कापतात, म्हणून हातात पूर्ण १० टक्के पडत नाहीत.

४. खाऊ, सौंदर्यप्रसाधनं, औषधं अशा संपणाऱ्या वस्तू सीलबंद पिशवीत मिळतात. देश सोडेपर्यंत ती फोडायची नाही. हॉटेलात बसून त्यातलंच चॉकलेट खाल्लं तर कस्टम कर मागू शकतं. वाटेत खायचं असेल ते वेगळ्या बिलावर, कर भरून घ्या.

१ नोव्हेंबर २०२६ पासून रीत उलटी होणार आहे. दुकानात कर धरून पूर्ण पैसे द्यायचे, ९० दिवसांच्या आत देश सोडताना विमानतळावर कस्टमकडे पासपोर्ट दाखवून नोंद पूर्ण करायची, आणि मग कर परत मिळायचा. सीलबंद पिशवी जाते, संपणाऱ्या आणि टिकाऊ वस्तूंमधला भेदही जातो. ५,००० येनची अट राहते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की खर्चाचा अंदाज कर धरूनच करायचा, परतावा कुठे येणार ते दुकानातच ठरवायचं, विमानतळावर जास्तीचा वेळ ठेवायचा आणि सामान चेक-इन करण्याआधी कस्टमकडे जायचं. वस्तू दाखवा म्हणाले आणि बॅग पट्ट्यावर गेलेली असली तर परतावा बुडतो.

दोन्ही पद्धतींत करमुक्त वस्तू तुमच्याबरोबरच देशाबाहेर जायला हवी. ती नंतर स्वतः टपालाने पाठवून करमाफी मिळवण्याची सोय एप्रिल २०२५ पासून बंद झाली आहे.

डिपार्टमेंट स्टोअर कसं पाहायचं

आधी मजल्यांचा हिशेब. जपानमध्ये पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. मित्राला ‘पहिल्या मजल्यावर भेटू’ म्हणालात तर तो रस्त्यालगतच्या दारापाशी उभा असेल.

मांडणी जवळपास सगळीकडे सारखी असते. तळघरात खाद्यपदार्थ, रस्त्याच्या पातळीवर सौंदर्यप्रसाधनं, पर्स, छत्र्या, वर कपडे, त्याहून वर घरगुती वस्तू, भांडी आणि किमोनो, आणि सर्वांत वर उपाहारगृहं. बहुतेक स्टोअर्स सकाळी १० ला उघडतात आणि रात्री ८ च्या सुमारास बंद होतात. दार उघडताच आत गेलात तर प्रत्येक काउंटरवर कर्मचारी उभे राहून वाकून स्वागत करतात. उत्तर द्यायची गरज नसते, मान हलवली तरी पुरे.

खरेदीआधी माहितीच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून पाहुण्यांचं सवलत कार्ड मागा. मित्सुकोशी-इसेतान, ताकाशिमाया यांसारख्या मोठ्या स्टोअर्समध्ये ५ टक्के सूट देणारी कार्डं असतात. खाद्यपदार्थ आणि बरेचसे परदेशी ब्रँड त्यातून वगळलेले असतात. बिल झाल्यावर कार्ड दाखवून उपयोग नाही.

खालच्या कपड्यांच्या मजल्यांवर आपल्याला वेगळं असं थोडंच मिळतं. तिथे रेंगाळण्यापेक्षा वर जा. भांड्यांच्या विभागात अरिता, कुतानी, मिनो अशा वेगवेगळ्या भागांतली चिनीमाती शेजारी-शेजारी मांडलेली असते, आणि चार दिवस फिरून जो फरक कळेल तो अर्ध्या तासात डोळ्यांना कळतो. वरच्या मजल्यांवर एक प्रदर्शनाची जागा असते. तिथे आठवड्या-आठवड्याला एखाद्या प्रांताचा माल येतो आणि पुष्कळदा कारागीर स्वतः बसलेले असतात. टोकियोत गिन्झा, युराकुचो, निहोनबाशी भागात प्रांतांची स्वतःची दुकानंही आहेत. दूरच्या प्रांतापर्यंत जाणं जमणार नसेल तर ती उत्तम सोय.

वस्तू भेट द्यायची असेल तर तसं सांगा (‘पुरेझेंतो देसु’). त्याच किमतीत किंवा थोड्या पैशांत सुरेख बांधून मिळते. एकाच प्रकारच्या पाच वस्तू पाच जणांसाठी असतील तर पैसे देण्याआधी सांगा, म्हणजे पाच लहान पिशव्याही मिळतात. पावती टाकू नका, पण बदलून मिळेल या भरवशावरही राहू नका. ‘आवडलं नाही’ हे कारण इथे सहसा चालत नाही.

तळघरातल्या खाद्यविभागात संध्याकाळी सातच्या सुमारास जा. बंद होण्याच्या तासभर आधी तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटू लागतात. मिठाईच्या काउंटरवर मात्र सूट क्वचितच.

शाकाहारी वाचकांसाठी हा विभाग एकाच वेळी आनंदाचा आणि धोक्याचा. जपानी पारंपरिक मिठाई बहुतांशी अझुकी बियांचं पुरण, साखर आणि तांदळाचं पीठ यांची असते. योकान ही अझुकी, साखर आणि समुद्रशेवाळापासून निघणाऱ्या आगरची वडी. ती पूर्ण वनस्पतिजन्य असते, बरेच महिने टिकते आणि प्रवासात मोडत नाही. घरी न्यायला याहून सोपी मिठाई नाही. दोरायाकी (पुरण भरलेले गोड पोळे) आणि कासुतेरा (स्पंज केक) यांत अंडं असतं. तांदळाच्या खाऱ्या कुरकुरीत चकत्यांमध्ये (सेनबेई) सुकवलेल्या माशाचा अर्क किंवा कोळंबीची पूड पुष्कळदा येते. गमी आणि मार्शमॅलोत जिलेटिन असतं. लेबलावर ॲलर्जीची यादी बंधनकारक असते, पण तीवर विसंबू नका. तिच्यात दूध, अंडी, गहू, कोळंबी, खेकडा येतात. मासे आणि मांस मात्र बंधनकारक नाहीत, म्हणून घटकांची पूर्ण यादीच कॅमेऱ्याने वाचा.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते. २७.०३.०५ म्हणजे ५ मार्च २०२७. ताजी मिठाई एक-दोन दिवसांतच संपवावी लागते, तेव्हा ती निघायच्या दिवशीच घ्या किंवा तिथेच खा.

हस्तकला: इथे घाई करू नका

जपानने १९७४ साली पारंपरिक हस्तकलांसाठी कायदा केला. वस्तू रोजच्या वापरातली, मुख्यतः हाताने बनवलेली, साधारण १०० वर्षं चालत आलेल्या तंत्राने आणि कच्च्या मालाने, एका ठरावीक भागात केलेली असेल, तरच तिला सरकारी मान्यता मिळते. अशा २४० हून अधिक कला आहेत. तपासून पास झालेल्या वस्तूंवर लाल गोल असलेली मान्यतेची चिठ्ठी असते. टोकियोत ‘जपान ट्रॅडिशनल क्राफ्ट्स आओयामा स्क्वेअर’ या एकाच ठिकाणी देशभरच्या मान्यताप्राप्त वस्तू पाहायला आणि विकत घ्यायला मिळतात. पहिल्या दिवशी तिथे नुसतं पाहून या, मग ठरवा. चिठ्ठी नसली म्हणजे वस्तू खोटी असंही नाही, पुष्कळ चांगले कारागीर त्या व्यवस्थेबाहेर आहेत. पण देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानात ‘जपानी’ म्हणून विकला जाणारा पंखा किंवा पातळ किमोनो उलटून पाहा, परदेशी बनावटीची चिठ्ठी बऱ्याचदा सापडते.

सुऱ्यांसाठी लोक टोकियोत कप्पाबाशीला जातात. असाकुसा आणि उएनोच्या मधला हा सुमारे ८०० मीटरचा रस्ता स्वयंपाकघराच्या सामानाचा आहे. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. ओसाकाजवळचं साकाई आणि गिफूतलं सेकी ही सुऱ्यांची जुनी गावं. निवड करताना आधी आकार ठरवा. भाजीसाठी नाकिरी, साधारण १६५ मिमी, सरळ धारेची. विळीवर भाजी चिरण्याची सवय असलेल्या घरात हीच सर्वांत लवकर रुळते. सगळ्या कामांसाठी सान्तोकु, १६५ ते १८० मिमी. यानागिबा आणि देबा या मासे कापायच्या सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते आणि त्या उजव्या हातासाठी असतात. डावखुऱ्यांसाठी वेगळी मागवावी लागते, ती महाग पडते. सुरमईचे काप करायचे म्हणून देबा घेण्याचा मोह होतो. पण दगडावर एका बाजूने धार लावायला शिकणार नसाल तर नको.

मग पोलाद. ‘शिरोगामी’ आणि ‘आओगामी’ ही कार्बनची पोलादं, धार अप्रतिम, पण ओली राहिली तर काही मिनिटांत गंजाचे ठिपके येतात. कोकम, लिंबू, कांदा यांनी काळी पडतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि सिंकमध्ये भांडी पडून राहणाऱ्या घरात स्टेनलेस घ्यावी. व्हीजी-१० हे नाव लेबलावर दिसलं तर ते चांगलं स्टेनलेस. या सुऱ्या आपल्या नेहमीच्या सुऱ्यांपेक्षा खूप कडक असतात, म्हणूनच धार टिकते आणि म्हणूनच त्यांचे टवके उडतात. मटणाचं हाड, नारळ, गोठलेलं मांस, कच्च्या भोपळ्याचं साल यांवर ही सुरी चालवायची नाही. काच, ग्रॅनाइट किंवा स्टीलच्या पाटावरही नाही, लाकडीच पाट हवा. धार लावायला १००० नंबरचा दगड पुरतो. हौस असली तर ३००० ते ६००० चा दुसरा. दोन चाकांमधून ओढायचं धारयंत्र हिला वापरलंत तर धारेचे कपचे निघतात.

सुरी दुकानातून बांधून घ्या आणि भारतात पोचेपर्यंत उघडू नका. ६ सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं योग्य कारणाशिवाय बाळगणं जपानमध्ये गुन्हा आहे. विकत घेऊन खोक्यात, पावतीसह हॉटेलवर नेणं ठीक. पाठपिशवीत सुटी ठेवून चार दिवस हिंडणं ठीक नाही. विमानात ती चेक-इन सामानातच.

रोगणाच्या, म्हणजे उरुशीच्या वाडग्यांत किंमत ८०० येनपासून ८०,००० पर्यंत दिसते आणि काचेच्या कपाटात दोन्ही सारखेच चमकतात. सावंतवाडीची लाख किड्यापासून मिळते. उरुशी हा झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातलं. कच्चा चीक बिब्ब्यासारखाच अंगावर उठतो, नीट वाळलेल्या भांड्याचा सहसा त्रास होत नाही. वाडग्याच्या खोक्यावर कायद्याने छापलेलं लेबल असतं, त्यातल्या दोन ओळी वाचा. वरच्या लेपाच्या ओळीत ‘उरुशी’ आहे, ‘काशू’ (काजूच्या टरफलाच्या तेलाचा रंग) आहे की ‘उरेतान’ (प्लॅस्टिकचा रंग)? आतल्या गाभ्याच्या ओळीत नैसर्गिक लाकूड आहे, लाकडाचा भुसा आणि रेझिन दाबून केलेला साचा आहे की प्लॅस्टिक? उरुशी आणि नैसर्गिक लाकूड हे दोन्ही असेल तरच मोठी किंमत मोजा. उरेतानचं प्लॅस्टिक वाडगं वाईट नसतं, काही तर यंत्रात धुताही येतात, पण त्याची किंमत कमीच असायला हवी. खरी उरुशी मायक्रोवेव्हमध्ये घालायची नाही, भिजत टाकायची नाही, तारेच्या घासणीने घासायची नाही. रोज वापरली तर ती उजळत जाते. वाजिमा हे या कलेचं सर्वांत नावाजलेलं गाव. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि आगीत तिथल्या अनेक कार्यशाळा गेल्या. तिथली वस्तू स्वस्तात दिसली तर लेबल दोनदा वाचा.

इवाते प्रांतातल्या नाम्बू बिडाच्या किटल्यांमध्ये सर्वांत जास्त चूक होते. दोन वस्तू दिसायला जुळ्या असतात. तेत्सुबिन ही पाणी उकळायची किटली. आतून लेप नसतो, ती विस्तवावर चालते. क्यूसु ही चहा मुरवायची, आतून काळ्या चकचकीत एनॅमलचा लेप असलेली, बहुधा लहान, आत जाळी असलेली. ती शेगडीवर ठेवली की एनॅमल तडकतं. रंगीत, स्वस्त, अर्ध्या लिटरची किटली बहुतेक वेळा क्यूसु असते. तेत्सुबिन घेतलीत तर आतून कधीही घासू नका. पाणी ओतून झालं की झाकण काढून तिच्याच उष्णतेत वाळू द्या. आत लाल ठिपके आले तरी पाणी स्वच्छ असेल तर ती वापरता येते. आणि तिच्यात आपला दूध-साखरेचा चहा उकळू नका, नुसतं पाणी.

मातीच्या भांड्यांत दोन जाती. पांढरी, पातळ, टिचकी मारल्यावर खणखणणारी ती चिनीमाती, अरिता आणि कुतानीसारखी. जाड, मातकट, मऊ आवाजाची ती भाजलेली माती, हागी, माशिको, शिगाराकीसारखी. दुसऱ्या जातीच्या भांड्यांना सूक्ष्म छिद्रं असतात, पुष्कळांच्या झिलईवर बारीक तडे मुद्दाम ठेवलेले असतात. हळद आणि तिखटाचं तेल त्यात कायमचं शिरतं. रस्सा-आमटीसाठी चिनीमाती घ्या. मातीची भांडी चहा, दही, फळं, कोरड्या फराळाला छान. वापरण्याआधी ती तांदळाच्या धुवणात मंद आचेवर थोडा वेळ उकळतात, म्हणजे छिद्रं बुजतात. सोनेरी रेघ असलेलं काहीही मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. संच सहाचा नसून पाचाचा असतो. अरितात दर वर्षी २९ एप्रिल ते ५ मे मोठी भांडीजत्रा भरते आणि तिथे किरकोळ दोष असलेला माल (‘वाकेआरी’) निम्म्याहून कमी भावात सुटतो. दुकानात भांडं उचलताना अंगठ्या काढा, पाठीवरची पिशवी खाली ठेवा, दोन्ही हातांनी उचला. महागड्या वस्तूला आधी विचारा.

कापडात नवख्याने तेनुगुईपासून सुरुवात करावी. साधारण ३५ बाय ९० सेंटिमीटरचा सुती पंचा, कडा मुद्दाम न शिवलेल्या, म्हणजे पाणी साठत नाही आणि लवकर वाळतो. उलटून पाहा. रंग दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तो चूसेन पद्धतीने (रंग कापडातून आरपार ओतून) रंगवलेला, मागची बाजू फिकी असेल तर छापील. निळीचा असला तर पहिले काही धुणे वेगळे. जुने किमोनो क्योटोत तोजी देवळाच्या दर २१ तारखेच्या आणि कितानो तेनमानगूच्या दर २५ तारखेच्या बाजारात ढिगाने मिळतात. उन्हात धरून डाग आणि कसरीची भोकं पाहा. नवं रेशीम थानात येतं, पन्हा जेमतेम ३७-३८ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे १२ मीटर. ब्लाऊज किंवा कुर्ता शिवायचा विचार असेल तर शिंप्याला हा पन्हा आधीच सांगा.

हस्तिदंताच्या वस्तू आणि शिक्के कितीही जुने म्हणून दाखवले तरी नेता येत नाहीत, घेऊ नका.

विजेच्या वस्तू आणि बाकी

जपानचा वीजदाब १०० व्होल्ट, आपला २३०. वस्तूच्या मागे ‘इनपुट १००–२४०’ लिहिलं असेल (लॅपटॉप, कॅमेरा आणि फोनचे चार्जर) तर फक्त पिन बदलणारा ॲडॉप्टर पुरतो. नुसतं १०० लिहिलेला भाताचा कुकर किंवा हेअर ड्रायर आपल्या सॉकेटमध्ये लावला की लगेच जळतो. हेअर ड्रायर १,२०० वॉटचा असतो, त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मर इतका जड आणि महाग, की वस्तूची सूट त्यातच जाते. योदोबाशी, बिक कॅमेरा या विजेच्या वस्तूंच्या साखळी दुकानांच्या मोठ्या शाखांत आणि टोकियोतल्या अकिहाबारा भागात परदेशासाठीची २२०–२४० व्होल्टची मॉडेलं वेगळी मांडलेली असतात, तीच पाहा. काही जपानी कॅमेऱ्यांच्या देशी आवृत्तीत मेनू फक्त जपानीत असतो. घेण्याआधी दुकानातच चालू करून भाषा बदलून पाहा. हमीही बहुधा जपानपुरतीच असते.

जुन्या लेन्सच्या दुकानात ‘काबी’ (बुरशी) आणि ‘कुमोरी’ (धूसरपणा) हे शब्द चिठ्ठीवर शोधा. ‘जंक’ लिहिलेल्या वस्तूला कसलीच हमी नसते.

शंभर येनच्या दुकानात (दाइसो, सेरिया) बहुतेक वस्तू कर धरून ११० येनला पडतात, महागड्या वस्तूंवर वेगळी किंमत लिहिलेली असते. कपड्यांत एक माप मोठं घ्या. बुटांची मापं सेंटिमीटरमध्ये असतात, पायाची लांबी आधी मोजून ठेवा. कपडे घालून पाहायच्या खोलीत बूट बाहेर काढायचे, आणि तिथे ठेवलेलं पातळ कापडाचं आवरण डोक्यावरून घालायचं, ते कपड्याला मेकअप लागू नये म्हणून.

घरी नेताना

चिनीमाती हातातल्या सामानात, सुऱ्या चेक-इनमध्ये, पॉवर बँक हातातल्या सामानात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि लोणची सुरक्षा तपासणीत द्रवात मोजली जातात, १०० मिलीपेक्षा मोठा डबा हाती असेल तर काढून घेतात. शहर बदलताना जड बॅग ताक्क्यूबिनने (सामान घरपोच नेणारी सेवा) पुढच्या हॉटेलवर पाठवा. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म मिळतो, टोकियो ते क्योटो सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. विमानतळावर पाठवायची असेल तर किमान दोन दिवस आधी द्या, आणि त्यात करमुक्त वस्तू असतील तर कस्टमच्या तपासणीआधी बॅग हाती येईल असं पाहा.

सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा. भारतीय कस्टमने किंमत विचारली तर किटलीची पावतीच कामाला येते. करमुक्त सामानाची भारतातली मर्यादा निघण्यापूर्वी कस्टमच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. येनची नाणी भारतात कोणी बदलून देत नाही, तेव्हा शेवटच्या दिवशी ती कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये मोजून द्या आणि उरलेली रक्कमच कार्डावर घाला.